अस्सल कशाला म्हणायचे?

शेगावात खामगाव रस्त्याला आमचे गॅरेज आहे. अब्बा आणि माझा धाकटा भाऊ गाड्या खोलतात. मी हिशेब लिहिते, सामानासाठी फोन करते आणि कुठला पार्ट कुठे मिळेल ते मोबाइलवर शोधते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे दर्शनाला आलेल्या भाविकांची ने-आण करणाऱ्या आणि खेड्यांवर फेऱ्या मारणाऱ्या ट्रॅक्स, मालाचे टेम्पो, कधी एखादा ट्रॅक्टर. त्यामुळे गेल्या मार्चमध्ये ट्रकला दोर बांधून ओढत आणलेली पांढरी मर्सिडीज दारात उभी राहिली, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला आणि समोरचा चहावालाही हातातले काम टाकून पाहायला आले.

गाडी खामगावच्या एका जुन्या कापूस व्यापारी घराण्याची. 1979 ची, 240 डी. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या पूर्वी सरकारमार्फत विकल्या जात, तशी ती थोरल्या शेठजींनी घेतली होती. शेठजी वारले आणि गाडी बारा वर्षे जिनिंगच्या गोदामात पडून राहिली. मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो अब्बांना म्हणाला, "चाचा, एवढी चालू करून द्या. मुंबईचे एक शौकीन गृहस्थ घ्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच आहे, सगळे पार्ट ओरिजिनल पाहिजेत."

या एका शब्दाने आमचे पुढचे तीन महिने घेतले.

बॉनेट उघडल्याबरोबर अब्बा हसले. म्हणाले, "अरे, ही तर आपल्या ट्रॅक्सची थोरली बहीण." भावाला वाटले, अब्बा गंमत करताहेत. पण ती गंमत नव्हती. आपण मराठीत मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्दच मुळात जर्मनीतल्या एका गाडीचे नाव आहे. हॅम्बर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्या टेम्पो नावाने विकल्या जात. 1958 मध्ये फिरोदियांनी तिच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि तीनचाकी गाडी आपल्याकडे बनू लागली. पुढे 1980 च्या दशकात याच कंपनीने मर्सिडीज बनवणाऱ्या डाईमलर-बेन्झशी करार केला आणि तिचे ओएम 616 नावाचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन पुण्याजवळ आकुर्डीला बनवायला सुरुवात केली. ते इंजिन ट्रॅक्सला लागले, ट्रॅव्हलरला लागले. कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले. आणि जर्मनीत हेच ओएम 616 ज्या मोटारीत बसत होते, ती म्हणजे 240 डी.

अब्बांच्या उस्तादांची पिढी तर त्याही आधीची. 1954 ते 1969 अशी पंधरा वर्षे टाटांचे ट्रक डाईमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला बनत. त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. विदर्भातला कापूस त्या ट्रकांनी वाहिला आणि आमच्याकडचे मिस्त्री त्यांच्यावरच हात बसवून शिकले. म्हणजे जर्मन इंजिन आमच्या भागाला नवे नाही. त्याला भारी गाडीच्या झुलीखाली पाहायची तेवढी सवय नाही.

पण मालकाला 'ओरिजिनल' पाहिजे होते आणि मी ते मनावर घेतले. आधी नंबर समजून घेतले. जुन्या जर्मन गाडीचे सामान शोधणाऱ्याने पहिले काम हेच करावे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

बॉनेट उघडले की पुढच्या आडव्या पट्टीवर गाडीची पाटी असते. या गाडीचा नंबर 123123 या आकड्यांनी सुरू होत होता. पहिले 123 हे गाडीच्या घराण्याचे नाव. हे घराणे 1975 च्या अखेरीपासून 1986 पर्यंत बनले आणि सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या. पुढचे 123 म्हणजे त्या घराण्यातली 240 डी. त्यानंतरचा सातवा आकडा 1 असेल तर स्टिअरिंग डावीकडे, 2 असेल तर उजवीकडे. आठवा आकडा 0 असेल तर गिअर हाताने टाकायचे. आमच्या गाडीवर 20 होते. रियाधला असलेल्या मामूंनी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले होते, "इकडे भंगारात असल्या गाड्या सापडतात, काय पाहिजे ते पाठवतो." सातवा आकडा पाहिल्यावर त्यांना नाही म्हणावे लागले. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे स्टिअरिंगचे किंवा डॅशबोर्डचे सामान आपल्या कामाचे नाही. त्यासाठी इंग्लंड किंवा दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे लागते, कारण तिथे उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या चालल्या. इंजिनाच्या आतल्या सामानाला मात्र डावे-उजवे नसते.

पार्टचा नंबर वेगळा असतो. मर्सिडीजच्या पार्टवर 'ए' हे अक्षर आणि पुढे दहा आकडे असतात. पहिले तीन आकडे बहुतेक वेळा तो पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी बनला ते सांगतात. 616 च्या इंजिनात 615 चा आकडा असलेला पार्ट सापडला, तर कोणी तो बदलला असेल असे समजून घाबरू नये. 615 हे आधीचे, लहान भावंड. त्याचेच कितीतरी पार्ट 616 मध्ये जसेच्या तसे वापरले गेले.

एवढे शिकल्यावर मला वाटले, आता मला कोणी फसवणार नाही. वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, गळत होता. अब्बा म्हणाले, "हाच खोलू, बेअरिंग-सील बदलू." मी म्हटले, "अब्बा, मालकाला ओरिजिनल पाहिजे आहे." एका व्यापाऱ्याकडे फोनवर चौकशी केली. डब्यावर तारा, नंबर बरोबर, 'मेड इन जर्मनी' छापलेले. साडेअकरा हजार रुपये आगाऊ भरले. पंप आला, बसवला, मालकाला फोटो पाठवला, तोही खूश झाला.

मे महिन्यात तो स्वतः गाडी घेऊन खामगावहून अकोल्याला निघाला. बाळापूरच्या अलीकडे पाण्याचा काटा लाल रेघेला टेकला. त्याने गाडी थांबवली, पण इंजिन तापून गेले होते. आम्ही पंप उघडला तेव्हा आतला पंखा दांड्यावरून सैल झालेला होता. दांडा फिरत होता आणि पंखा जागच्या जागी. पंपाच्या अंगावर कुठेही ओतकामाचा शिक्का नव्हता, नंबर फक्त डब्यावर होता. जुना पंप शेजारी ठेवला तर नवा हातालाच हलका लागत होता. हे मी बसवण्याआधी करायला हवे होते. व्यापाऱ्याचा फोन लागेना. अब्बा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फळीखालचे गोणपाट ओढले आणि त्यातून जुना, गळका, खरा जर्मन पंप बाहेर काढला. काम पूर्ण होऊन गाडी महिनाभर चालल्याशिवाय ते काढलेला पार्ट कधी फेकत नाहीत.

तो पंप अकोल्याला लेथवर नेला. घर जर्मन, आत नवे बेअरिंग, नवे सील. आजही तोच चालू आहे. पण तापल्यामुळे हेड वाकले होते. ते फेस करून घ्यावे लागले, आणि दोन व्हॉल्व्ह, त्यांचे गाईड, हेड गॅस्केट असे सगळे पाहिजे झाले. आता पैसे उरले नव्हते आणि दिवसही.

मग अब्बांनी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केले. जुन्या ट्रॅक्सच्या सामानाचे एक दुकान त्यांच्या ओळखीचे आहे. मला बरोबर नेले आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. व्हॉल्व्हच्या दांड्याची जाडी, डोक्याचा व्यास, एकूण लांबी, सीटचा कोन, एकेक माप जुन्या व्हॉल्व्हशी ताडून पाहायचे. गॅस्केट जुन्या गॅस्केटवर ठेवून प्रत्येक भोक भोकावर येते का पाहायचे. ट्रॅक्सचे म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाही, कारण पुढच्या काळात कंपनीने या इंजिनात बदल केले, ताकद वाढवली, मापे बदलली. आमच्या 1979 च्या गाडीचे इंजिन 2399 सीसीचे, 72 अश्वशक्तीचे. त्याच्याशी जुळतील तेच घ्यायचे. पहिल्या दिवशी काढलेल्या सामानातले निम्मे परत ठेवावे लागले. दुसऱ्या दुकानात बाकीचे जुळले. डिझेल फवारणारे नोझल बॉशच्या नाशिकच्या कारखान्याचे मिळाले. बॉश ही मुळात जर्मन कंपनी आणि जर्मनीतल्या 240 डी ला तिचाच पंप असे. आमच्याकडचे जुने मिस्त्री मात्र अजून तिला मायको म्हणतात.

तेव्हा मला प्रश्न पडला. तारा छापलेल्या डब्यातला तो पंप अस्सल की डब्याशिवाय मिळालेला, आकुर्डीच्या इंजिनासाठी बनलेला हा व्हॉल्व्ह अस्सल?

हे इंजिन जगात कुठे कुठे चालले ते शोधताना मला मोरोक्कोचे फोटो सापडले. तिथे गावोगाव जाणाऱ्या मोठ्या टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षे हीच 240 डी. एका गाडीत सहा प्रवासी, टपावर सामान. अगदी आपल्या ट्रॅक्ससारखे. 2014 च्या सुमारास तिथल्या सरकारने अनुदान देऊन त्या बदलायला लावल्या, तोपर्यंत कितीतरी गाड्या रस्त्यावर होत्या. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साचिनिदिस या टॅक्सीवाल्याने तर 1976 ची 240 डी 46 लाख किलोमीटर चालवली आणि 2004 मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. त्या प्रवासात त्याने तीन इंजिने आलटून पालटून वापरली. एक खोलून दुरुस्त होईपर्यंत दुसरे गाडीत. म्हणजे ज्या गाडीचा कंपनीने मान केला, तिच्यातलेही सगळे पहिल्या दिवसाचे नव्हते.

मालकाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग चाचा, ट्रॅक्सचे अख्खे इंजिनच का नाही टाकत? लवकर होईल." अब्बांनी ते मात्र ऐकले नाही. इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदावर असतो, तो बदलला की आरटीओचे काम लागते. शिवाय दुसरी एक गोष्ट होती. 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. अशी गाडी भाड्याने किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. आणि अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. या गाडीची 50 वर्षे 2029 मध्ये भरतील. मुंबईच्या गिऱ्हाइकाची नजर त्यावरच होती. अब्बा म्हणाले, "झिजलेला व्हॉल्व्ह बदलणे ही दुरुस्ती आहे. इंजिन बदलणे म्हणजे गाडीच बदलणे. ते मी करणार नाही."

मेच्या शेवटच्या आठवड्यात गाडी तयार झाली. सकाळी एका किल्लीत चालू होऊ लागली. हिशेब करायला बसलो तेव्हा अब्बांनी मला बिलाबरोबर एक यादी लिहायला सांगितली. कुठला पार्ट, कुठून आला, नवा की जुना. पंपाचे घर, मूळ जर्मन. पंपाचे बेअरिंग व सील, नवे, अकोला. व्हॉल्व्ह दोन, ट्रॅक्सचे, मापे जुळवून. नोझल, नाशिक. ब्रेकचे पाइप, नवे. एकूण सव्वीस ओळी झाल्या.

मालकाने यादी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "चाचा, हे कशाला लिहिले? बिलावर नुसते 'ओरिजिनल पार्ट' लिहा. चालते आहे ना गाडी? कोण इंजिन खोलून पाहणार आहे?"

मी अब्बांकडे पाहिले. वीस हजार रुपये येणे बाकी होते. जूनमध्ये धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती आणि पंपाचे साडेअकरा हजार माझ्या चुकीने आधीच गेले होते. खरे सांगायचे तर माझ्या मनात आले, दोन शब्दच तर लिहायचे आहेत. खोटे तरी कुठे आहे? जर्मन रचनेचेच तर सामान आहे.

अब्बा म्हणाले, "बेटा, खोलून पाहणारा कोणीतरी असतोच. माझ्यासारखाच एखादा मिस्त्री असेल. तो तुझ्या कागदावर विसंबून जर्मन मापाचा पार्ट मागवेल आणि बसणार नाही. त्याचे हात काळे होतील आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातील. जसे या पोरीचे गेले."

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग पाहणाऱ्या आणि तो लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगणाऱ्या आपल्या पैगंबरांची (स.) हकिकत आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. मी ती मदरशात पाठ केली होती. पण ढीग आपला असतो आणि फी भरायची तारीख जवळ असते, तेव्हा ती किती जड जाते, हे त्या दिवशी कळले.

मालक यादी घेऊन गेला, पैसे न देता. मुंबईच्या गिऱ्हाइकाने यादी पाहून किंमत कमी केली आणि मालकाने विकायला नकार दिला. बहिणीची फी आम्ही भिशीतून उचलून भरली. दोन महिने फोन नाही. भाऊ म्हणायचा, "अब्बा, त्या दोन शब्दांचे वीस हजार पडले." अब्बा काही बोलत नसत.

ऑगस्टमध्ये तो स्वतः आला. बरोबर त्याची आई होती. गाडी त्याने पुण्याला नेली होती आणि तिथे एकदा डिझेल धरेना म्हणून गॅरेजला टाकली होती. तिथल्या मिस्त्रीने आधी यादी मागून घेतली, नोझल नाशिकचे आहेत हे पाहिले, तेच मागवले आणि संध्याकाळपर्यंत गाडी दिली. म्हणाला म्हणे, "जुन्या गाडीबरोबर असा कागद मला पहिल्यांदाच मिळाला. नाहीतर दोन दिवस नुसते शोधण्यात जातात." राहिलेले वीस हजार त्याने टेबलावर ठेवले. गाडी विकायचा विचार सध्या सोडल्याचे त्याची आई म्हणाली. शेठजींच्या जागी पुढे बसून ती दर्शनाला आली होती.

सगळ्यांनाच असा शेवट मिळतो असे नाही. पैसे बुडालेही असते. म्हणून या अनुभवातून वाचकांच्या उपयोगाचे तेवढे सांगते.

जुना पार्ट हातात आल्याशिवाय नवा घेऊ नका आणि नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा. वजन, ओतकाम आणि अंगावरचा शिक्का पाहा, कारण डबा कोणीही छापतो. मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ला, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचा काश्मिरी गेट, चेन्नईचे पुदुपेट इथे जुन्या गाड्यांचे सामान मिळते, पण नंबर आणि माप लिहून नेल्याशिवाय जाऊ नका. कंपनी स्वतःही जुन्या गाड्यांचे अनेक पार्ट अजून पुरवते. जर्मनीत श्टुटगार्टजवळ फेलबाखला मर्सिडीजचे त्यासाठी खास केंद्र आहे. महाग पडते, पण किंमत आधी विचारून ठेवली की बाजारातला 'स्वस्त ओरिजिनल' किती खरा असेल याचा अंदाज येतो. रबराची वस्तू मात्र जुन्या साठ्यातली, कितीही खरी आणि न वापरलेली असली तरी घेऊ नका. रबर डब्यात पडूनही मरते. आणि ब्रेकचे काहीही भंगारातून घ्यायचे नाही, मग त्यावर कुठलाही तारा असो.

हे फक्त मोटारीपुरते नाही. घरातली शिलाई मशीन, शेतातला पंप, दारातली जुनी स्कूटर दुरुस्तीला दिली, की कारागिराला काय बदलले आणि ते कुठले आहे एवढे कागदावर लिहून मागा. चांगला कारागीर आनंदाने लिहून देतो.

आमच्या गॅरेजात आता प्रत्येक गाडीबरोबर अशी यादी जाते, ट्रॅक्सबरोबरसुद्धा. लिहायचे काम माझे, सही अब्बांची. तुमच्या घरातल्या एखाद्या कारागिराने अशी वही ठेवली असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. त्यावर पुढे कधीतरी याच पानावर लिहीन, इन्शाअल्लाह.